अस्वल सॅमन का खात नाही?

‘कॅस्केडिया’ हा बैठा खेळ २०२१ साली आला आणि २०२२ साली त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा सन्मान मिळाला. हा सन्मान देणारे मंडळ खेळांच्या समीक्षकांचे असते, उत्पादकांचे नव्हे. १९७९पासून दरवर्षी ते कुटुंबाने एकत्र बसून खेळावा असा एक खेळ निवडते, आणि त्या निवडीमुळे एखादा खेळ हजारो घरांत पोहोचतो. समीक्षेच्या शब्दाला असे वजन असलेले क्षेत्र साहित्यात आता फारसे उरलेले नाही. ती खंत तूर्त बाजूला ठेवू. आम्हांला बोलायचे आहे ते या खेळाच्या वाचनाविषयी. ‘वाचन’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही.

खेळाची मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा युक्तिवाद तीवरच उभा आहे. रँडी फ्लिन यांनी रचलेल्या आणि बेथ सोबेल यांनी चितारलेल्या या खेळात ८५ षटकोनी टाइल आहेत. त्यांवर डोंगर, सूचिपर्णी अरण्य, गवताळ माळ, पाणथळ आणि नदी अशा पाच अधिवासांपैकी एक किंवा दोन रंगवलेले असतात. कापडी पिशवीत १०० लाकडी चकत्या असतात: अस्वल, एल्क, सॅमन मासा, ससाणा आणि खोकड, प्रत्येकी वीस. (इंग्रजी ‘फॉक्स’ला आपण सवयीने कोल्हा म्हणतो, पण कोल्हा म्हणजे ‘जॅकल’. खोकड हा खरा प्रतिशब्द आपल्याकडे असताना तो वापरायला हरकत नसावी.) पटाच्या मध्यभागी चार टाइल आणि चार चकत्या जोड्या लावून मांडलेल्या असतात. खेळाडू आपल्या पाळीत एक जोडी उचलतो, टाइल आपल्यापुढच्या भूभागाला जोडतो, आणि ज्या टाइलवर त्या प्राण्याची खूण आहे अशा एखाद्या रिकाम्या टाइलवर चकती ठेवतो. प्रत्येकाच्या वीस पाळ्या झाल्या की खेळ संपतो. मग गुणांची मोजणी: कोणता अधिवास किती सलग पसरला, आणि कोणता प्राणी कोणत्या रचनेत बसला.

अशा खेळांविषयी बोलताना एक वाक्य नेहमी ऐकू येते: यातला विषय वरून चिकटवलेला आहे, चित्रे बदलली तर हाच खेळ मिठाईच्या दुकानाचाही होईल. हे वाक्य आम्हांला परिचयाचे वाटते, कारण साहित्याच्या वर्गात आशय आणि रूप यांची फारकत करताना आपण नेमके हेच करत असतो. कवितेत पाऊस आला की ती निसर्गकविता, कादंबरीत धरण आले की ती पर्यावरणवादी कादंबरी. विषयाची पाटी वाचली की वाचन संपले. खेळाच्या बाबतीत ही पाटी म्हणजे खोक्यावरचे चित्र. पण खेळाचे विधान चित्रात नसते, नियमात असते. ओळ कोठे तुटते, निवेदक काय सांगतो आणि काय दडवतो, यात जसे कवितेचे वा कथेचे विधान असते, तसेच.

आता ‘कॅस्केडिया’चे नियम वाचू. प्रत्येक प्राण्यासाठी गुणदानाची चार-चार कार्डे आहेत, त्यांतले एक-एक निवडून खेळ सुरू होतो. त्यांपैकी पहिला, सर्वांत साधा संच घेऊ. त्यात ससाण्याला गुण मिळतात ते त्याच्या शेजारी दुसरा ससाणा नसेल तर. खोकडाला गुण मिळतात ते त्याच्या भोवतीच्या सहा घरांत किती वेगवेगळ्या जातींचे प्राणी आहेत यावर. एल्क सरळ रांगेत हवेत. सॅमनची साखळी हवी, आणि तिला फाटा फुटता कामा नये. एका सॅमनला दोनाहून अधिक सॅमन शेजारी चालत नाहीत. अस्वले जोडीने हवीत, बरोबर दोन, आणि त्या जोडीला तिसरे अस्वल टेकलेले नको.

हे नियम काळजीपूर्वक पाहिले तर त्यांत निरीक्षण आहे असे दिसते. शिकारी पक्षी आपला प्रदेश राखून असतो. नियमाने ते एका अटीत सांगितले आहे. खोकड मिळेल ते खाऊन कोठेही तगणारा प्राणी, म्हणून त्याचे मोल शेजारच्या वैविध्यावर ठरते. आमच्या मते हा खोकडाचा नियम या खेळातली सर्वांत चांगली ओळ आहे. तो एका प्राण्याचे वर्णन करत नाही, त्याचा स्वभाव खेळाडूच्या हातात देतो. खोकडाची चकती उचललेला दहा वर्षांचा मुलगा आपोआप शेजार पाहू लागतो: येथे एल्क आहे, तेथे ससाणा आहे, मासा आणता येईल काय? खोकडाचे पोट जसा विचार करील तसा तो विचार करतो. एवढे साधण्यासाठी गद्यात एक परिच्छेद खर्ची पडला असता आणि तरी ते साधले असते की नाही, शंकाच आहे.

अस्वलांची जोडी मात्र खोटी आहे. ग्रिझली अस्वल एकटे राहणारे जनावर. माद्या पिलांसह फिरतात, आणि सॅमनच्या हंगामात नदीवर अस्वले गोळा होतात ती अन्नासाठी, सोबतीसाठी नव्हे. पण खेळात सर्वत्र निरीक्षण असावे असा हट्ट आम्ही धरणार नाही; यमक जुळवण्यासाठी कवीही चंद्राला कधी कधी नको त्या तिथीला उगवतो.

खरा प्रश्न अस्वल आणि सॅमन यांच्या नात्याचा आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील परिसंस्थेविषयी कोणालाही एकच गोष्ट सांगायची झाली तर ती ही: सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या नदीत परततो. तेथे अस्वल त्याला पकडते, ओढत अरण्यात नेते, अर्धवट खाऊन टाकते. उरलेल्या माशातून समुद्रातला नायट्रोजन जमिनीत मुरतो आणि झाडांत चढतो. झाडांच्या पेशींतील समस्थानिकांच्या अभ्यासातून शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले आहे. म्हणजे त्या अरण्यातला वृक्ष काही अंशी माशाचा बनलेला असतो, आणि त्या रूपांतराचा वाहक अस्वल असतो. इतके विलक्षण रूपक निसर्गाने आयते पुरवले असताना ‘कॅस्केडिया’च्या या संचात अस्वल आणि सॅमन यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. अस्वल अस्वलाकडे पाहते, मासा माशाकडे. दोघे शेजारी ठेवले तर काही होत नाही, दूर ठेवले तरी काही होत नाही. सॅमनच्या साखळीला नदीचीही गरज नाही. टाइलवर माशाची खूण असली की पुरे, खालचे पाणी सलग वाहते की नाही हे कोणी विचारत नाही.

येथे कोणी अन्न नाही आणि कोणी भक्षक नाही. संपूर्ण खेळात संघर्षाची आठवण करून देणारी एकच संज्ञा आहे: ‘अतिसंख्या’. मध्यभागी मांडलेल्या चारही चकत्या एकाच प्राण्याच्या निघाल्या तर त्या उचलून नव्या काढायच्या आणि जुन्या पिशवीत परत टाकायच्या. तीनच सारख्या असतील तर तसे करायचे की नाही हे खेळाडूने ठरवायचे. परिस्थितिविज्ञानातल्या एका भयंकर शब्दाचे इतके सौम्य रूपांतर आम्ही क्वचितच पाहिले आहे. अतिसंख्या झाली, उपाय काय, तर पिशवीत हात घाला. उपासमार नाही, रोगराई नाही, शिकारी नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना या सौम्यतेचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. वानरांच्या टोळीतला सत्तापालट, नव्या नराने केलेली पिलांची हत्या, हे सारे तेथे निवेदकाने स्वर न चढवता सांगितले आहे. त्या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि मराठी घरांत ती मुलांच्या हाती सर्रास पडत आली. तिने कोणाच्या कुटुंबाचे काही बिघडवल्याचे ऐकिवात नाही.

‘कुटुंब’ या शब्दाकडे आता वळायला हवे, कारण आमच्या मतभेदाचे मूळ तेथे आहे. ‘कॅस्केडिया’च्या खोक्यात गुणदानाची एकवीस कार्डे आहेत. पाच प्राण्यांची वीस. एकविसावे कार्ड कौटुंबिक खेळासाठी आहे. ते वापरले तर वर सांगितलेले सारे नियम रद्द होतात. सर्व प्राण्यांना एकच नियम लागू होतो: एकाच जातीचे प्राणी एकमेकांना लागून ठेवा, गटाच्या आकाराप्रमाणे गुण घ्या. ससाणा आता कळपाने राहतो. खोकडाला शेजाऱ्यांचे वैविध्य नको, दुसरे खोकड हवे. एल्कची रांग गेली, सॅमनची साखळी गेली. पाच प्राणी पाच रंग होऊन उरले.

सोपेपणाला आमचा विरोध नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला खेळात घ्यायचे तर काही वगळावेच लागणार. पण काय वगळले जाते हे पाहण्यासारखे आहे. चित्र वगळले नाही, खोक्यावरचे देखणे अरण्य वगळले नाही. वगळला तो स्वभाव. निसर्गाचे दृश्य राहिले आणि निसर्गाचे विधान गेले. कुटुंबासाठी म्हणून जे काही तयार होते, मग ती बालसाहित्यमाला असो की दूरदर्शनवरचा प्राणिपट, त्याचा प्रवास बहुधा याच दिशेने होतो. वाघाचा फोटो मोठा होत जातो आणि वाघाविषयीचे वाक्य लहान.

याच्या अगदी उलट घडलेले एक उदाहरण आपल्या घरात आहे. मोक्षपट या जुन्या खेळात (परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते) शिडीच्या पायथ्याशी सद्गुणाचे आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुणाचे नाव असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये पोहोचला, तेथे काही काळ व्हिक्टोरियन नीतिकल्पना त्यावर चढल्या, आणि पुढे घरोघरी जो सापशिडीचा पट पसरला त्यावरून नावे पुसली गेली. तरीही नियम तोच राहिला. नव्व्याण्णवाच्या जवळ पोहोचलेला माणूस एका दानासरशी तळाला येतो, आणि त्या क्षणी आठ वर्षांच्या मुलालाही जे जाणवते ते मूळ खेळाच्या कर्त्याला सांगायचे होते त्याहून फार वेगळे नसावे. आशयाची पाटी पुसली तरी रूपाने आशय जपला. ‘कॅस्केडिया’च्या एकविसाव्या कार्डात पाटी जपली आणि रूप पुसले. पदव्युत्तर वर्गात आशय आणि रूप यांच्या अभिन्नतेवर आम्ही जे काही शिकवत आलो, ते या दोन उदाहरणांइतके स्वच्छ कधी मांडता आले असेल असे वाटत नाही.

दुसरा मुद्दा नावाचा. कॅस्केडिया हे कोणा देशाचे नाव नाही. कॅस्केड पर्वतरांगेवरून पडलेले हे नाव सिएटल विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅक्लॉस्की यांनी एका जैवप्रदेशासाठी रूढ केले. राजकीय सीमा पुसून, नद्यांच्या पाणलोटांवरून त्यांनी त्याचे नकाशे काढले. या विचारामागे जैवप्रादेशिकतेची चळवळ होती. पीटर बर्ग आणि रेमंड डॅसमन यांनी १९७७ साली मांडलेल्या निबंधाचा गाभाच हा होता की माणसाने आपल्या भूभागात पुन्हा ‘राहायला’ शिकावे: त्या नदीचा, त्या मातीचा रहिवासी म्हणून. म्हणजे ज्या विचारपरंपरेतून हे नाव आले, तिचा नायक रहिवासी माणूस आहे. आणि त्या नावाच्या खेळात माणूस औषधालाही नाही.

ही अनुपस्थिती निरागस नाही. त्या नद्यांच्या काठी हजारो वर्षे माणसे सॅमनवर जगत आली आहेत. १८५०च्या दशकात त्यांच्याशी झालेल्या करारांत नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला गेला, आणि तो प्रत्यक्षात मिळवण्यासाठी त्यांना १९७४ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडता येण्याजोग्या माशांच्या निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा ठरवला. दरम्यान कोलंबिया नदीवर १९४२ साली ग्रँड कूली धरण पुरे झाले. त्याला माशांसाठी वाटच ठेवली नव्हती, त्यामुळे वरच्या खोऱ्यातला सॅमन कायमचा तुटला. १९५७ साली डॅलस धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा गेला आणि त्याबरोबर मासेमारीची व बाजाराची एक पुरातन जागा गेली. उलट दिशेचा इतिहासही आहे: एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली, क्लॅमथवरची चार २०२४पर्यंत हटवली गेली, आणि मासे परतू लागले. सॅमनची साखळी तुटणे आणि जुळणे हा त्या भूमीवरचा खराखुरा, रक्तामांसाचा खेळ आहे. पटावरच्या साखळीला फक्त फाटा फुटायचा नाही, एवढीच चिंता.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी ग्रामकवितेतून राबणारे हात कसे गायब केले गेले हे दाखवले. विल्यम क्रोनन यांनी १९९५ सालच्या आपल्या निबंधात निर्मनुष्य अरण्य ही कल्पनाच मानवनिर्मित असल्याचे, आणि तेथील मूळ रहिवाशांना हलवल्यानंतरच ते ‘निर्मनुष्य’ झाल्याचे सांगितले. त्याआधी, १९८९ साली, रामचंद्र गुहा यांनी हीच अमेरिकी कल्पना भारतात व्याघ्रप्रकल्पांच्या रूपाने आली तेव्हा तिची किंमत जंगलाकाठच्या गरिबांनी मोजली, असा आक्षेप घेतला होता. आपल्या विद्यार्थ्यांना ही नावे परीक्षेपुरती पाठ असतात. त्यांचा उपयोग मात्र कवितेपलीकडे क्वचितच केला जातो, हे आश्चर्याचे आहे.

निर्मनुष्यता ही पाच अधिवासांच्या कल्पनेतच अनुस्यूत आहे असेही नाही. प्राचीन तमिळ संगमकाव्यात पाच ‘तिणै’ आहेत: कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे अरण्य, मरुदम म्हणजे शेतजमीन, नेय्दल म्हणजे समुद्रकाठ आणि पालै म्हणजे ओसाड प्रदेश. प्रत्येकाचे प्राणी, पक्षी, झाडे ठरलेली. पण त्याचबरोबर तेथील दैवत, तेथील लोक, त्यांचे उद्योग आणि प्रेमाची एक अवस्थाही ठरलेली. डोंगर म्हणजे मीलन, ओसाड म्हणजे विरह. तेथे भूदृश्य माणसाने भरलेले असल्यामुळेच त्याला अर्थ आहे. दोन हजार वर्षांच्या अंतरावरच्या या दोन पंचकांची तुलना अन्याय्य आहे हे मान्य. तरी पाच अधिवास आणि त्यांचे प्राणी ही चौकट किती पेलू शकते ते तिणैवरून कळते.

यावर एक उत्तर असे येईल की संध्याकाळच्या पाऊण तासाच्या विरंगुळ्यावर आम्ही वसाहतवादाचा खटला भरतो आहोत. तसे नाही. खेळ आम्हांला आवडतो, आणि तो वारंवार खेळावासा वाटतो याची कारणेही नियमांतच आहेत. टाइल आणि चकती जोडीनेच उचलावी लागते, हा नियम घ्या. डोंगर हवा असतो, पण त्याच्यासोबत मासा आलेला असतो. तो ठेवायचा कोठे? जमीन हवी तर तिच्याबरोबर आलेला जीवही पत्करावा लागतो. हा विचार या खेळाच्या गाभ्यात आहे, आणि तो कोणत्याही घोषणेहून अधिक पर्यावरणीय आहे. गंमत अशी की या बंधनातून सुटका करणारे साधन म्हणून खेळाडूला जे दिले जाते, सूचिपर्णी वृक्षाच्या फळाच्या आकाराचे लाकडी तुकडे, त्यांनाच खेळात ‘निसर्ग’ असे नाव आहे. तो तुकडा खर्चला की हवी ती टाइल आणि हवी ती चकती जोडी मोडून घेता येते. निसर्ग खर्चून निसर्गाच्या अटीतून सुटायचे! हा उपरोध कर्त्याला अभिप्रेत होता की नाही हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. नवसमीक्षेने एवढे तरी शिकवले आहे.

एकदा ठेवलेली टाइल आणि चकती हलवता येत नाही, हाही असाच एक नियम. दहाव्या पाळीला लक्षात येते की तिसऱ्या पाळीला ठेवलेले पाणथळ चुकीच्या जागी आहे. ते तसेच राहते, आणि पुढचा सारा भूभाग त्याला वळसा घालत वाढतो. २००० साली आलेल्या ‘कारकासोन’ या खेळाशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे रस्त्याला रस्ता आणि तटाला तट जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर टाइल ठेवताच येत नाही. ‘कॅस्केडिया’त डोंगराला पाणथळ खुशाल भिडवता येते. मनाई कसलीच नाही, फक्त सलग पट्टा तुटल्यामुळे गुण हुकतात. माणसाच्या बांधकामाला कठोर व्याकरण आणि निसर्गाला सैल, असा हा भेद आहे. तुटलेल्या पट्ट्याची शिक्षा लगेच न मिळता शेवटच्या मोजणीत मिळते, हे तर अगदीच खरे आहे.

तेव्हा आमची तक्रार या खेळात विचार नाही अशी नाही. तो आहे, आणि कौटुंबिक म्हणून जी वाट दाखवली जाते ती त्याला वगळून जाते, अशी आहे. या सत्रात निसर्गसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्या प्राध्यापकमित्रांना म्हणूनच आम्ही एक सुचवू. एका तासिकेला पुस्तक बाजूला ठेवावे. चार विद्यार्थ्यांना आधी एकविसाव्या कार्डावर काही पाळ्या खेळू द्याव्यात, मग ते काढून पाच प्राण्यांची पाच कार्डे मांडावीत, आणि इतरांना विचारावे की ससाण्यात काय बदलले. नंतर अस्वलासाठी एक नवा नियम लिहायला सांगावा, ज्यात सॅमनचा उल्लेख असेल. तो लिहिताना साखळीचे काय करायचे हा पेच पडेलच: अस्वलाने मासा खाल्ला तर साखळी तुटते, न खाल्ला तर अरण्याला नायट्रोजन मिळत नाही, आणि मधल्या टाइलवर एखादी होडी ठेवली तर गुण कोणाला द्यायचे यावर वाद होईल. तो वाद मिटवू नये. दोन विद्यार्थी खेळले तर एक डाव पाऊण तासात होतो. तासिकाही साधारण तेवढ्याच वेळाची असते.